जुना रॉक अल्बम पुन्हा काढायचाय? टेपपासून तबकडीपर्यंत काय काय करावं लागतं

२००२ साली ऑझी ऑस्बॉर्नचे पहिले दोन अल्बम, ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’, रीमास्टर होऊन बाजारात आले. चाहत्यांनी हौसेने घरी नेऊन लावले आणि चक्रावले. बास वेगळा, ड्रम वेगळे! मूळ वादक बॉब डेझली आणि ली कर्स्लेक यांच्याशी श्रेय आणि रॉयल्टीवरून कोर्टकज्जे चालू होते आणि नव्या आवृत्तीतून त्यांचं वादनच गायब झालं होतं. त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून सगळं नव्याने वाजवून घेतलेलं. ओरड इतकी झाली की २०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणावं लागलं.

रीइश्यूच्या कामात बिघडवायला वाव भरपूर असतो, सुधारायला बेताचाच. माझं मत आधीच सांगून टाकतो: निम्म्याहून अधिक काम योग्य टेप सापडण्यात आणि ती नीट वाजवून घेण्यात आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मुख्यतः हात आवरायचा असतो. हा लेख छोट्या लेबलवाल्यांसाठी, जुन्या बँडमधल्या मंडळींसाठी आणि ज्यांच्या माळ्यावर वडिलांच्या किंवा काकांच्या बँडची रिळं पडून आहेत अशांसाठी आहे. आपल्याकडेही असा माल आहे. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चा ‘ऑब्सेशन’ २०११मध्ये पुन्हा निघाला तो अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ या लेबलकडून. चरणजित सिंगांची १९८२ची सिंथेसायझरवरची रागांची तबकडी (ती रॉक नव्हे, पण गोष्ट तीच) २०१० साली एका डच लेबलने काढली. हे काम इथून का होऊ नये?

आधी कागद

टेपला हात लावायच्या आधी हक्क कोणाचे ते लिहून काढा. इथे दोन वेगळे हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा आणि गाण्याचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. पहिला बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे, दुसरा गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्याच्या पब्लिशरकडे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९७१मध्ये निघालेल्या एलपीचा हक्क ३१ डिसेंबर २०३१ला संपेल. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. युरोपीय संघात मुद्रणाला ७० वर्षं आहेत. अमेरिकेत १९५७पासून १५ फेब्रुवारी १९७२च्या आधीपर्यंतची मुद्रणं २०६७पर्यंत संरक्षित आहेत. स्ट्रीमिंगवर टाकलं की माल जगभर जातो, त्यामुळे ‘आपल्याकडे मुदत संपली’ एवढ्यावर भागत नाही.

या मुदतींमुळे गमतीही होतात. युरोपात ५० वर्षं अप्रकाशित राहिलेल्या मुद्रणाचं संरक्षण जातं, म्हणून २०१२ साली बॉब डिलनची १९६२ची अप्रकाशित गाणी जेमतेम शंभरेक प्रतींत काढली गेली, आणि शीर्षकातच उघडउघड ‘कॉपीराइट एक्स्टेन्शन’ असं छापलं!

कंपनी बंद पडली म्हणून हक्क हवेत विरत नाहीत. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं सारेगामा झालं. पोलिडॉरचं म्युझिक इंडिया, मग पॉलिग्राम आणि शेवटी युनिव्हर्सल झालं. मूळ करार शोधा. तो नसेल तर लेबलच्या आजच्या वारसाला पत्र लिहा आणि लेखी उत्तराशिवाय पुढे जाऊ नका. त्या काळच्या मुंबईच्या बँडच्या तबकडीवर एखाद-दुसरं परदेशी गाणं हमखास असतं. त्याची परवानगी वेगळी. कव्हरवरचा फोटो आणि चित्र यांचे हक्क तिसरेच. बँडमधले जे हयात आहेत त्यांच्या आणि जे नाहीत त्यांच्या वारसांच्या सह्या एकाच कागदावर, टक्केवारीसकट घ्या. दोस्तीखात्यात झालेला तोंडी व्यवहार पहिल्या चेकपर्यंतच टिकतो.

कोणती टेप?

एका अल्बमच्या अनेक टेपा असतात. मल्टिट्रॅक म्हणजे दोन इंची टेपवर १६ किंवा २४ ट्रॅक, वाद्यं सुटी सुटी. त्यावरून मिक्स केलेली पाव इंची स्टिरिओ टेप म्हणजे मास्टर. मग तिची सेफ्टी कॉपी, म्हणजे राखीव नक्कल. मग एलपी कापण्यासाठी बास आवरून, वरचे स्वर वाकवून केलेली प्रॉडक्शन कॉपी. आणि परदेशातल्या कारखान्यांना पाठवलेल्या कॉपीच्या कॉपी. ऐंशीच्या दशकात सीडीची घाई झाली तेव्हा हाताला लागेल ती टेप घेतली गेली आणि ती अनेकदा प्रॉडक्शन कॉपी असे. ‘पहिली सीडी पत्र्यासारखी वाजते’ या जुन्या तक्रारीचं मूळ बऱ्याच वेळा इथेच सापडतं.

म्हणून डब्यावरचा मजकूर नीट वाचा. ‘मास्टर’ असं लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. प्रॉडक्शन मास्टरलाही मास्टरच म्हणायचे. तारीख, स्टुडिओ, टेपचा वेग (१५ की ३० इंच प्रतिसेकंद), डॉल्बी (टेपची सळसळ कमी करणारी मुद्रणपद्धत) आहे का, इक्वलायझेशन (खालच्या-वरच्या स्वरांचं प्रमाण) एनएबी की आयईसी या ठरीव पद्धतीचं हे सगळं तिथे असतं. टेपच्या सुरुवातीला चाचणीचे सूर असले तर बहुतेक मूळ माणसांच्या हातची टेप मिळाली असं धरायला हरकत नाही. टेपमध्ये जोड दिसतात का तेही बघा. गाण्यागाण्यांमध्ये कापून चिकटवलेली टेप मूळ असण्याची शक्यता जास्त, कारण कॉपी सलग असते.

आणि टेप एकच सापडली तरी शोध थांबवू नका. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (जॅझ आहे, पण धडा सगळ्यांना लागू) १९५९मध्ये निघाला तेव्हा पहिल्या बाजूचं मुद्रण करणारं मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे तबकडीवर ती गाणी थोडी चढ्या सुरात वाजत. १९९२च्या रीइश्यूसाठी दुसऱ्या मशीनवरची सेफ्टी टेप काढली, तिचा वेग बरोबर होता, आणि तेव्हा कुठे हे दुरुस्त झालं. ‘फ्लीटवूड मॅक’च्या ‘रूमर्स’मध्ये तर टेप इतकी वाजवली गेली होती की काम पुरं व्हायच्या आतच ड्रमचे वरचे स्वर झिजले. मूळ ट्रॅकची दुसरी टेप होती म्हणून निभावलं.

टेप नसेलच तर? १ जून २००८ला हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत लागलेल्या आगीत मास्टर टेपांचं गोदामही जळालं. अशा वेळी उरतो तो स्वच्छ एलपीवरून आवाज उतरवण्याचा मार्ग. त्यात लाज नाही. चार-पाच प्रती गोळा करा, प्रत्येक गाण्यासाठी सगळ्यात स्वच्छ प्रत निवडा आणि कव्हरवर तसं स्पष्ट लिहा.

टेप वाजवण्याआधी थांबा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. सत्तरच्या मध्यापासून पुढे अँपेक्स ४०६ आणि ४५६, स्कॉच २२६ अशा टेपांत चुंबकी कण धरून ठेवणारा थर पॉलियुरेथेनचा होता. तो हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. अशी टेप मशीनवर चढवली की हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी राळ जमते, टेप किंचाळते आणि थर कायमचा खरवडून निघतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बिनएसीच्या कपाटात चाळीस पावसाळे काढलेली टेप चिकट झालेली नसेल तर नशीब समजा. वर बुरशी असेल तर तिची सफाई वेगळी, आणि तीही जाणकाराकडून.

चिकट टेपवर इलाज म्हणजे बेक करणं. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला आठेक तास कोरडी उष्णता, मग पूर्ण थंड होऊ देणं. रुंद टेपला वेळ जास्त लागतो. घरातला ओव्हन वापरू नका. त्याच्या काट्याचा भरवसा नसतो आणि एका कोपऱ्यात ८० अंश झाले तर रीळच वाकतं. तापमान स्थिर राखणारं यंत्र हवं. काही जण भाजीपाला सुकवण्याचं डीहायड्रेटर वापरतात. बेकिंगचा परिणाम काही आठवडेच टिकतो, म्हणून स्टुडिओची तारीख पक्की झाल्यावरच टेप तापवा.

पण त्याआधी रीळ उजेडासमोर आडवं धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती जुनी ॲसिटेट टेप आहे, आणि ॲसिटेट कधीही बेक करायची नाही. ती उष्णतेने आकसते आणि तुकडे पडतात. चिकटपणाचा रोग तिला होतही नाही. साठच्या दशकातल्या टेपांबाबत ही अर्ध्या मिनिटाची तपासणी चुकवू नका.

आता मशीन. हेड साफ, त्याचं चुंबकत्व काढलेलं, आणि चाचणीच्या सुरांवरून पातळी आणि ॲझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) जुळवलेला. ॲझिमथ जरा चुकला तरी वरचे स्वर मळकट होतात, आणि नंतर कुणीतरी ते इक्वलायझरने ‘उजळवतो’. ते उजळणं मूळच्या स्पष्टतेसारखं कधीच वाटत नाही. चाचणीचे सूर नसतील तर झांजा ऐकत कानाने जुळवा, आणि प्रत्येक जोडानंतर पुन्हा ऐका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मशीनवर मिक्स झालेली गाणी एकाच रिळावर असतात. डॉल्बीने मुद्रित केलेली टेप डॉल्बीनेच उलगडायची. सुकलेले जोड वाजवताना सुटतात, ते आधी नव्या स्प्लायसिंग टेपने बांधून घ्या.

उतरवणं २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झला, काहीही न बदलता. इक्वलायझर नाही, कंप्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारं साधन) नाही, हिस (टेपची सळसळ) काढणं नाही. हीच फाइल पुढच्या सगळ्या कामाचा पाया आणि टेपची राखण. पहिल्याच फेरीत ती चांगली आली तर टेपला पुन्हा त्रास देऊ नका.

रीमास्टर की रीमिक्स, ते लपवू नका

स्टिरिओ टेपवर काम केलं तर रीमास्टर. मल्टिट्रॅकपर्यंत मागे जाऊन वाद्यांची मांडणी नव्याने केली तर रीमिक्स. बीटल्सचे ९ सप्टेंबर २००९ला आलेले अल्बम रीमास्टर होते, तर जाइल्स मार्टिनने केलेला २०१७चा ‘सार्जंट पेपर’ रीमिक्स. दोन्ही रास्त, कारण कव्हरवर काय ते सांगितलेलं होतं. ‘झी झी टॉप’च्या १९८७च्या ‘सिक्स पॅक’मध्ये सत्तरीतल्या अल्बमवर ऐंशीतल्या ड्रमचा मुलामा चढवला गेला आणि मूळ मिक्स सीडीवर यायला कित्येक वर्षं गेली.

रीमिक्सला कधीकधी सबळ कारण असतं. रशचा ‘व्हेपर ट्रेल्स’ (२००२) मूळातच इतका चेपलेला होता की २०१३मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून तो नव्याने मिक्स करून घेतला. स्टीव्हन विल्सनने किंग क्रिमसन आणि जेथ्रो टलचे केलेले रीमिक्स मला आवडतात, कारण तो मूळची मांडणी सोडत नाही. पण मूळ मिक्स बाजारातून नाहीसं करून नवं पुढे ठेवणं मला मान्य नाही. दोन्ही द्या.

मास्टरिंग

पहिलं काम तुलनेचं. मूळ तबकडीची चांगली प्रत मिळवा, तिचा आवाज आणि टेपच्या फाइलचा आवाज एकाच पातळीवर आणा आणि आलटूनपालटून ऐका. पातळी जुळवणं अत्यावश्यक आहे. एखाद्या डेसिबलने मोठं असलेलं काहीही आधी चांगलंच वाटतं, आणि याच भुलीतून खराब रीमास्टर जन्माला येतात.

लाउडनेसच्या शर्यतीची (आपलं गाणं इतरांपेक्षा मोठं वाजावं या चढाओढीची) उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची (२००८) सीडी इतकी ठासलेली होती की ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली तीच गाणी अधिक मोकळी वाजतात हे चाहत्यांनीच दाखवून दिलं. इगी पॉपने १९९७ला स्वतः ‘रॉ पॉवर’ पुन्हा मिक्स केला, तोही कान फाटेल एवढा मोठा. २०१०मध्ये डेव्हिड बोवीचं जुनं मिक्स परत आलं. आज तर या शर्यतीला अर्थच उरलेला नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) पातळीवर आणतं. तुम्ही लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) उणे ८वर नेलेलं गाणं तिथे सरळ खाली ओढलं जातं, ड्रमचा ठोका तेवढा कायमचा मेलेला असतो.

हिस काढण्याचा मोह दुसरा. मी एकच परीक्षा करतो. गाणं संपतानाचा फेड (हळूहळू विरणारा शेवट) लावा, हेडफोनवर आवाज वाढवा आणि झांजेची लकेर शेवटपर्यंत ऐका. हिस काढणाऱ्या प्लग-इनने ती मध्येच तुटली, पाण्यात बुडाल्यासारखी गुळगुळली किंवा गायकाच्या भोवतीची खोली अचानक नाहीशी झाली, तर सेटिंग मागे घ्या. टेपचा हिस कानाला दोन मिनिटांत सवयीचा होतो, मेलेली झांज होत नाही. क्लिक, विजेची गुणगुण, टेप दबल्याने गेलेला क्षणभराचा आवाज हे एकेक करून हाताने दुरुस्त करा. काउंट-इन (गाण्याआधीची ‘वन-टू-थ्री-फोर’ मोजणी), खुर्चीची करकर, ॲम्पची घरघर राहू द्या.

एलपी

एलपीसाठी मास्टर वेगळा करावा लागतो. खालचे स्वर साधारण मोनो, ‘स’-‘श’ची धार आवरलेली, लिमिटर जवळजवळ नाहीच. एका बाजूला १८ ते २० मिनिटं असली तर आवाज भरदार कापता येतो. वेळ वाढली की ग्रूव्ह (तबकडीवरचे चरे) बारीक करावे लागतात, आवाज घटतो आणि खरखर वर येते. टॉड रंडग्रेनच्या ‘इनिशिएशन’ची (१९७५) दुसरी बाजू ३५ मिनिटांच्या वर आहे, ती ऐकली की हे लगेच कळतं. केंद्राजवळ ग्रूव्ह आवळत जातात म्हणून तिथे आवाज फाटण्याची भीती जास्त. मूळ क्रम बदलता येत नाही, पण बोनस गाणी त्याच बाजूला कोंबू नका. ती दुसऱ्या तबकडीवर द्या, २०१४पासूनच्या लेड झेपलिनच्या आवृत्त्यांत जिमी पेजने दिली तशी.

कटिंग करणारा इंजिनिअर लॅकरवर (मऊ थर दिलेल्या चकतीवर) ग्रूव्ह कापतो, लॅकरवरून धातूचा साचा, त्यावरून मदर (धातूची तबकडी), मदरवरून तबकड्या छापणारा स्टॅम्पर. लॅकरचा पुरवठा हा या धंद्यातला नाजूक दुवा आहे. ६ फेब्रुवारी २०२०ला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला आणि जगात लॅकर बनवणारा जपानमधला एकच कारखाना उरला. तारखा ठरवताना मोकळीक ठेवा. आपल्याकडे डमडमचा जुना कारखाना इतिहासजमा झाल्यावर कित्येक वर्षं एलपी बाहेरूनच आणावी लागत होती. २०२४मध्ये मुंबई परिसरात पुन्हा छपाई सुरू झाली आहे, तेव्हा परदेशी दरात जहाजभाडं आणि कस्टम मिळवून मगच तुलना करा.

टेस्ट प्रेसिंग (छपाईआधीच्या नमुना प्रती) आल्या की पूर्ण ऐका, तेही दोन वेगळ्या टर्नटेबलांवर. बाजू उलट्या नाहीत ना, भोक मध्यावर आहे ना (लांबवलेला पियानोचा सूर डुलला तर नाही), तोच ‘टक्’ सगळ्या प्रतींत त्याच जागी येतो का? एका प्रतीतला दोष त्या प्रतीचा असतो, सगळ्यांतला स्टॅम्परचा किंवा लॅकरचा. दुसऱ्या प्रकारात छपाई थांबवा. १८० ग्रॅमच्या जाड तबकडीने आवाज सुधारतो असं मला कधी वाटलेलं नाही. ग्राहकाला हातात घ्यायला बरं वाटतं, इतकंच.

सीडी आणि डिजिटल

सीडीचं काम सरळ आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, शेवटच्या पायरीला डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट) आणि कारखान्याला डीडीपी फाइल (सीडी छापण्यासाठीची मास्टर फाइल). डोकं लावायचं ते गाण्यांमधल्या जागांवर. ‘डार्क साइड ऑफ द मून’मध्ये पहिली बाजू संपते आणि ऐकणारा उठून तबकडी उलटतो, सीडीवर त्या जागी किती शांतता ठेवायची हा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो. मूळ टेपवरच्या जागा मोजून घ्या आणि बाजूबदलाला थोडा श्वास द्या. जोडून येणारी गाणी स्ट्रीमिंगवर खटका न लागता वाजतात ना तेही तपासा.

स्ट्रीमिंगसाठी वितरकाला २४ बिटच्या फाइल द्या, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवून. घोळ होतो तो मेटाडेटात, म्हणजे गाण्यासोबत भरायच्या माहितीत. मूळ प्रकाशनाचं वर्ष आणि रीमास्टरचं वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत भरा, नाहीतर १९७४चा अल्बम यंदाचा म्हणून दिसतो. ‘रीमास्टर’ हे गाण्याच्या नावात न घुसवता आवृत्तीच्या रकान्यात लिहा. नव्या रीमास्टरला नवा आयएसआरसी क्रमांक (मुद्रणाचा जागतिक ओळख-क्रमांक) घ्या. भारतात तो ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ ही संस्था देते, वितरकाकडूनही मिळतो. वादक, इंजिनिअर, गीतकार सगळ्यांची नावं भरा, कारण रॉयल्टी त्या नावांवरूनच पोचते. डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही ऐकू येणारा आवाज) हवं असेल तर मल्टिट्रॅक लागतात. ते नसतील तर स्टिरिओ ओढूनताणून पसरवू नका.

कव्हर आणि स्टिकर

छापील कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांची जाळी उमटते. मूळ निगेटिव्ह किंवा आर्टवर्क शोधा. नाहीच मिळालं तर कोरी प्रत मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून जाळी काढून घ्या आणि रंग मूळ प्रतीशेजारी ठेवून जुळवा. पुस्तिकेत टेपच्या डब्यांचे फोटो द्या, लोकांना ते फार आवडतात. मुलाखती बँडमधल्या सगळ्यांच्या घ्या, फक्त गायकाची नको.

स्टिकरवर ‘मूळ ॲनलॉग टेपवरून’ एवढंच लिहू नका. २०२२मध्ये मोबाइल फिडेलिटी ही नावाजलेली कंपनी याच प्रकरणात अडकली. पूर्ण ॲनलॉग समजून लोक चढ्या भावाने घेत होते त्या तबकड्यांच्या साखळीत वर्षानुवर्षं डिजिटल पायरी होती. आवाजाबद्दल फारशी तक्रार नव्हती, राग लपवाछपवीचा होता. शेवटी ग्राहकांच्या दाव्यात अडीच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मागच्या कव्हरवर चार ओळी पुरतात: कोणती टेप, कोणी आणि किती रिझोल्यूशनला उतरवली, मास्टरिंग कोणाचं, लॅकर कोणी कापलं.

काम झाल्यावर मूळ फाइलींच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. टेप शेवटाकडून गुंडाळलेल्या स्थितीत डब्यात ठेवा, म्हणजे थरांमधून उमटणारा प्रतिध्वनी आवाजाच्या आधी न येता नंतर येतो आणि संगीतात झाकला जातो. डब्यात एक चिठ्ठी घाला: कधी बेक केली, कोणत्या मशीनवर वाजवली, कुठले जोड बदलले. आणि करारात लिहून घ्या की टेप बँडची आहे, लेबलची नाही. किंवा उलट असेल तर तसं.